झिंकच्या शोषणाचं समीकरण: आपल्या डेटावर वापरायचं की डेटावरून बनवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आहारशास्त्रात एम.एस्सी. करताय, सोलापूरकडच्या साठ महिलांचा चोवीस तासांचा आहार नोंदवलाय. प्रत्येकीचा फायटेट-झिंक मोलर रेशो (धान्य-कडधान्यांतलं, झिंकला धरून ठेवणारं फायटेट आणि झिंक यांच्या रेणू-अणूंच्या संख्येचं गुणोत्तर) काढला, निम्म्याहून जास्त जणींचा १५ च्या वर गेला, म्हणून त्यांचं झिंक-शोषण सरसकट १५ टक्के धरलंत. गाईड म्हणाले, टक्केवारी सोड, मॅथेमॅटिकल मॉडेल वापर. शोधाशोध करताना वर्गमूळ असलेलं एक समीकरण सापडलं. आता ते एक्सेलमध्ये टाकायचं, की स्वतःच्या डेटावरून स्वतःचं मॉडेल बनवायचं, हे कळत नाहीये. चाळीसजणींच्या रक्तातलं झिंकही तपासलंय, त्याचं काय करायचं तेही विचारलंय. गणित बारावीला सुटलं, ही काळजी वेगळीच.

काळजी आधी मिटवते. या कामाला लागणारं गणित म्हणजे दहावीतलं वर्गसमीकरण. अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही शोषण मोजलेलंच नाही. तुमच्याकडे आहार आहे आणि रक्तातली पातळी आहे. शरीरात किती झिंक गेलं ही संख्या एकीचीही नाही. मॉडेल बनवायचं तर ज्याचं मॉडेल करायचं ते आधी मोजलेलं लागतं. म्हणून उत्तर सरळ आहे: दुसऱ्यांनी मोजून बसवलेलं समीकरण वापरा, स्वतःचं बनवू नका. ते वापरताना कुठे हात सांभाळायचा आणि बनवायला गेलात तर नेमकं काय बिघडेल, एवढ्यासाठी बाकीचं लिहिते आहे.

शोषण मोजणं सोपं नसतं. सध्याची रुळलेली पद्धत स्थिर आयसोटोपांची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची आहे. झिंकचा एक दुर्मीळ आयसोटोप जेवणातून देतात, दुसरा शिरेतून, आणि काही दिवसांनी लघवीत दोन्ही किती प्रमाणात वाढले ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघतात. शिरेतून दिलेला सगळाच्या सगळा रक्तात पोहोचलेला असतो, त्यामुळे तुलनेनं तोंडावाटे दिलेल्यातला किती आत गेला ते निघतं. किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे लहान मुलांवर आणि गरोदर बायकांवरही हे करता येतं. पण खर्च मोठा आणि प्रयोगशाळा मोजक्या. तुमच्या विभागात हे होणार नाही, आणि एम.एस्सी.च्या प्रबंधात त्याची अपेक्षाही नाही.

आता १५ टक्क्यांचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी विभागणी रेशोवर आहे: ५ च्या खाली असेल तर शोषण ५० टक्के, ५ ते १५ मध्ये ३० टक्के, १५ च्या वर १५ टक्के. ढोबळ अंदाजाला ठीक आहे. पण एक बाई घ्या, दिवसाला १० मिग्रॅ झिंक आणि १५०० मिग्रॅ फायटेट. तिचा रेशो १४.९, म्हणजे शोषण ३ मिग्रॅ. शेजारणीचं झिंक तेवढंच, फायटेट १५३०. तिचा रेशो १५.२, म्हणजे शोषण दीड मिग्रॅ. भाकरीचा एक तुकडा जास्त खाल्ला आणि झिंक निम्म्यावर आलं! आतड्यात अशी पायरी कुठेही नसते, ती आपण तक्त्यात ठेवलेली आहे. तुमच्या साठजणींतल्या बऱ्याच जणी याच पायरीच्या आसपास असणार. 'निम्म्या महिलांना झिंक कमी पडतं' हा तुमचा निष्कर्ष मग आहारातून आला की पायरीतून, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

दुसरी खोट जास्त खोल आहे. टक्केवारी स्थिर नसते, ती खाल्लेल्या मात्रेवर ठरते. आतड्याच्या पेशींवर झिंक आत घेणारी वाहक प्रथिनं असतात, त्यातलं मुख्य झिप-४. (त्याच्या जनुकात जन्मजात दोष असला तर ॲक्रोडर्मायटिस एन्टेरोपॅथिका हा आजार होतो. अशा मुलांना पूरक झिंक दिलं नाही तर जगणं अवघड होतं, इतकं हे प्रथिन महत्त्वाचं आहे.) वाहकांची संख्या मर्यादित असते. पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे कितीही रांगेत लावा, जातं आपल्याच वेगानं दळतं. तसं ताटातलं झिंक वाढलं की शोषलं जाणारं वाढतं खरं, पण दर वाढीगणिक कमी कमी वाढतं. म्हणून मॉडेल टक्क्यांचं करायचं नाही, शोषलेल्या मिलिग्रॅमचं करायचं. टक्का नंतर भागाकार करून काढता येतो.

तुम्हाला सापडलेलं समीकरण कोलोरॅडो विद्यापीठातल्या लेलँड मिलर, नॅन्सी क्रेब्स आणि मायकेल हॅम्बिज यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेलं आहे. रूप असं:

शोषण = ½ × [ब − √(ब² − ४ × क × झ)]
ब = क + झ + र × (१ + फ/प)

झ म्हणजे दिवसभरातलं झिंक, फ म्हणजे दिवसभरातलं फायटेट, दोन्ही मिलिमोलमध्ये. क ही शोषणाची कमाल मर्यादा. र सांगतो वाहकाची झिंकवर पकड किती, प सांगतो फायटेटची पकड किती. दोन्ही जितके लहान तितकी पकड घट्ट. वापरात असलेला एक संच असा: क = ०.०९१, र = ०.०३३, प = ०.६८०. दुसऱ्या लेखांत वेगळे आकडे दिसतील, कारण नवीन डेटा आला की संच पुन्हा बसवला जातो. घ्याल तो संच पूर्ण घ्या. एकातला क आणि दुसऱ्यातला प घेतला तर तयार झालेलं मॉडेल कुणीच तपासलेलं नसतं.

वर्गमूळ कुठून आलं? झिंकवर दोन दावेदार आहेत, वाहक आणि फायटेट. फायटेट हा बीजातला फॉस्फरसचा साठा. त्याच्या रेणूवर सहा फॉस्फेट गट असतात, ते आतड्यात झिंकला धरून ठेवतात, आणि ते सोडवायला लागणारं फायटेज विकर माणसाच्या आतड्यात नगण्य असतं. वाहकाला चिकटलेलं झिंक एकूण झिंकच्या मानानं थोडंथोडकं नसतं, त्यामुळे हिशोबात ते वजा करावंच लागतं. ते वजा केलं की नेहमीचं साधं संपृक्ततेचं सूत्र राहत नाही, वर्गसमीकरण होतं, आणि त्याच्या दोन उत्तरांतलं लहान उत्तर आपण घेतो. मला हे मॉडेल आवडतं ते यासाठी की प्रत्येक अक्षराला आतड्यात काहीतरी अर्थ आहे. नुसती बिंदूंवरून ओढलेली रेघ नाही.

तुमच्या एक्सेलची परीक्षा घ्यायला आकडे देते. झिंक १० मिग्रॅ, फायटेट शून्य: शोषण ४.३ मिग्रॅ. झिंक १०, फायटेट १५००: २.६ मिग्रॅ. वरच्या शेजारणीचं, फायटेट १५३०: तेही २.६, फरक दुसऱ्या दशांशात. झिंक दुप्पट करून २०, फायटेट १५००च: ३.८ मिग्रॅ. झिंक १०च ठेवून फायटेट निम्मं, म्हणजे ७५०: ३.२ मिग्रॅ. हे जुळलं नाही तर बहुतेक वेळा एककांत घोळ असतो. झिंकचे मिलिग्रॅम ६५.४ ने भागायचे, फायटेटचे ६६० ने, आणि आलेलं उत्तर पुन्हा ६५.४ ने गुणायचं. संपूर्ण विश्लेषण मिलिग्रॅमवरच चालवलेले प्रबंध मी तपासायला घेतलेले आहेत. एक्सेल काही तक्रार करत नाही, निमूटपणे आकडा देतं.

रेशोची गंमत इथेच उघड होते. ६ मिग्रॅ झिंक आणि ९१० मिग्रॅ फायटेट घेणारी, आणि १२ मिग्रॅ झिंक आणि १८२० मिग्रॅ फायटेट घेणारी, दोघींचा रेशो १५. मॉडेल म्हणतं पहिलीचं शोषण २.२ मिग्रॅ, म्हणजे ३७ टक्के. दुसरीचं २.७, म्हणजे २३ टक्के. रेशो एकच असून टक्क्यांत एवढी तफावत.

हे फक्त कागदावरचं नाही. बेळगाव भागातल्या दोनेक वर्षांच्या मुलांवर बाजरीचा एक आयसोटोप अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. साध्या बाजरीतून मुलांनी दिवसाला सरासरी ०.६७ मिग्रॅ झिंक शोषलं, लोह-झिंक वाढवलेल्या जैवसंपृक्त बाजरीतून ०.९५. बाजरीतून पोटात गेलेलं झिंक याहून बऱ्याच मोठ्या पटीत वाढलं होतं. शोषण वाढलं, पण त्या पटीत नाही.

आता स्वतःचं मॉडेल बनवण्याचा मोह. समजा उद्या कुणी तुम्हाला साठही जणींचं शोषण मोजून दिलं. तरीही मी सांगेन, या साठजणींवरून क, र आणि प हे तिन्ही आकडे काढू नका. समीकरणात र × (१ + फ/प) हा तुकडा आहे. तो फोडून लिहा: र अधिक (र/प) × फ. म्हणजे फायटेटविरुद्ध काढलेली सरळ रेषा. र हा तिचा छेद (फायटेट शून्य असतानाची किंमत) आणि र/प हा तिचा चढ. छेद नीट काढायला फायटेट शून्याच्या आसपास असलेल्या बायका लागतील. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या तुमच्या गटात तशी एकही सापडणार नाही. सगळे बिंदू उजवीकडे दाटलेले, आणि तिथून रेषा मागे शून्यापर्यंत ओढायची. र थोडा वाढवा, प जुळवून घ्या, क किंचित हलवा, आणि वक्र होता तसाच बसतो. सॉफ्टवेअर तीन आकडे छापेल, वर आर-स्क्वेअरही (मॉडेल डेटाला किती जुळलं ते सांगणारा आकडा) देखणा दाखवेल. पण प्रत्येक आकड्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यातली अनिश्चितता, बघितलीत तर ती आकड्याएवढीच निघेल. मॉडेल चांगलं बसणं आणि त्यातले आकडे विश्वासार्ह असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायवाला मी परीक्षक असले तर पहिला प्रश्न यावरच विचारते.

आणखी एक गाठ आहे. तुमच्या आहारात झिंक आणि फायटेट एकाच ताटातून येतात. जी दोन भाकऱ्या जास्त खाते तिचं दोन्ही वाढतं. वाढलेल्या झिंकमुळे शोषण किती वाढलं आणि वाढलेल्या फायटेटमुळे किती घटलं, हे अशा डेटातून वेगळं काढता येत नाही, साठच्या जागी सहाशे बायका घेतल्या तरी. म्हणूनच प्रयोगांत मुद्दाम एक हलवतात आणि दुसरं स्थिर ठेवतात: तेच जेवण फायटेट काढून, किंवा तेच जेवण झिंक मिसळून. कोलोरॅडोच्या मॉडेलमागे झिंक आणि फायटेट दोन्ही निरनिराळ्या पातळ्यांवर असलेल्या बऱ्याच अभ्यासांची सरासरी मूल्यं आहेत. त्याची ताकद तीच, आणि मर्यादाही तीच: सरासऱ्यांवर बसवलेलं मॉडेल गटाबद्दल चांगलं बोलतं, एकेका बाईबद्दल नाही. 'सहभागी क्रमांक २३ चं शोषण २.४१ मिग्रॅ' असं लिहू नका.

इथवरचं दोन वाक्यांत: तयार समीकरण, पूर्ण संच, मिलिमोल. निष्कर्ष गटाबद्दल, शोषलेल्या मिलिग्रॅममध्ये.

वापरताना काही ठिकाणी ठेच लागते. हे समीकरण पूर्ण दिवसाचं आहे. एकेका जेवणाला लावून बेरीज केलीत तर उत्तर फुगेल, कारण तुम्ही कमाल मर्यादा दिवसातून तीनदा वापरलीत. हिशोब प्रत्येक बाईचा वेगळा करा, सरासरी शेवटी काढा. उलट केलं, म्हणजे सरासरी आहार समीकरणात घातला, तर फायटेट सारखंच असताना झिंकचा वक्र वर जाऊन वाकणारा असल्यामुळे उत्तर जास्त येतं. १५०० मिग्रॅ फायटेटवर ५ मिग्रॅ झिंकवालीचं शोषण १.६ आणि १५ मिग्रॅवालीचं ३.३, सरासरी २.४५. दोघींची सरासरी, १० मिग्रॅ, घातलीत तर २.६. फरक छोटा, पण फायटेट तेच असेल तर दर वेळी एकाच दिशेचा. एका दिवसाच्या रिकॉलनं (आठवून सांगितलेल्या आहार-नोंदीनं) हीच अडचण दुसऱ्या अंगानं येते: एका दिवशी उपास असतो, एका दिवशी बाजार. निदान काही जणींचा दुसऱ्या दिवसाचा रिकॉल घ्या, म्हणजे बाईबाईतला फरक आणि दिवसादिवसातला फरक वेगळा करता येईल. प्रबंध जमा करायला वेळ असेल तर सगळं सोडून आधी हे करा.

फायटेटचा आकडा हा माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत फायटेट दिलेलं आहे, तिथूनच घ्या. पण ते कच्च्या धान्याचं आहे. भाकरी भाजल्यानं फायटेट फारसं जात नाही, तिथे तो आकडा चालेल. मोड आलेली मटकी, आंबवलेली आंबील, नाचणीचं सत्त्व यांत मात्र धान्याचंच फायटेज कामाला लागतं आणि फायटेट घटतं. किती घटतं ते किती तास, किती ऊब, कुठलं धान्य यावर अवलंबून. एकच आकडा ठोकून देण्यापेक्षा दोन टोकं घ्या: काहीच घटलं नाही, आणि निम्मं घटलं. दोन्हींवर निष्कर्ष तोच आला तर निश्चिंत व्हा. बदलला तर तोच तुमचा निष्कर्ष म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही.

मग हे शोषण तोलायचं कशाशी? आपल्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ महिलेला १३.२ मिग्रॅ झिंक सांगितलंय. ते खाण्याचं प्रमाण आहे, शोषणाचं नाही, २.६ ला १३.२ शी तोलू नका. हवी ती शारीरिक गरज, म्हणजे रोज शरीरातून जाणारं झिंक भरून काढायला किती लागतं ते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१४ मध्ये ते वजनावर बांधलं: ०.६४२ + ०.०३८ × किलोमधलं वजन. ४८ किलोच्या बाईला साधारण २.५ मिग्रॅ. आपल्या उदाहरणातली बाई २.६ वर, म्हणजे काठावर. १५ टक्के धरले असते तर तिची शेजारीण दीडवर, ठार कमतरतेत. त्याच प्राधिकरणानं महिलांसाठी खाण्याची शिफारस एक आकडा न देता फायटेटनुसार दिली: ३०० मिग्रॅ फायटेटला ७.५ मिग्रॅ झिंक, १२०० ला १२.७. आपल्याकडेही तक्ता असाच असावा असं माझं मत आहे. ज्वारीवाल्या बाईला आणि भात-मासे खाणारीला एकच आकडा देणं मला पटत नाही.

रक्तातल्या झिंकबद्दल. त्याचा आणि मॉडेलच्या शोषणाचा आलेख काढाल, बिंदू विखुरलेले दिसतील आणि मॉडेल चुकलं असं वाटेल. तसं समजू नका. शरीर रक्तातली पातळी फार अरुंद पट्ट्यात सांभाळतं. कमी आलं की आतड्यावाटे बाहेर टाकायचं झिंक कमी करतं. शिवाय नमुना उपाशीपोटी होता का, सकाळचा की दुपारचा, बाईला ताप-संसर्ग होता का, यानंही ती पातळी हलते. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासलं असेल तर तो स्तंभ जोडा. ती पातळी गटाची स्थिती म्हणून स्वतंत्र प्रकरणात द्या, मॉडेलची साक्षीदार म्हणून उभी करू नका.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंत, हेच लोहाला लावता येईल का. नाही. लोहाचं शोषण अंगातल्या साठ्यावर फार अवलंबून असतं. साठा रिकामा तर तेच जेवण कितीतरी पटीनं जास्त लोह देतं. लोहाची मॉडेलं, मग ते मोन्सेन यांचं १९७८ चं असो की हालबर्ग आणि हुल्तेन यांचं २००० चं, साठ्याचा हिशोब आत घेऊनच चालतात. तुमच्याकडे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) नाही, तर तो विषय या प्रबंधात उघडू नका. आणि झिंकचं हे प्रौढांचं समीकरण अंगणवाडीतल्या मुलांनाही लावू नका. कोलोरॅडोच्याच गटानं २०१५ मध्ये लहान मुलांचा डेटा एकत्र करून बघितला, तेव्हा फायटेटचा शोषणावर परिणाम दिसलाच नाही. तुमच्या साठजणींत कुणी गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या असतील तर त्यांची यादी वेगळी काढा. त्यांची गरज वेगळी आणि शोषणही वेगळं, वरचे आकडे त्यांना लागू नाहीत.